भिंग बसलं, आता बघायला शिकायचं



आजोबांच्या डोळ्यात लेन्स बसवली की दोन-चार दिवसांत ते पेपर वाचू लागतात. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या नातवाचं ऑपरेशन झालं की घरच्यांची तीच अपेक्षा असते. पण आजोबांच्या मेंदूला बघण्याची साठ-सत्तर वर्षांची सवय आहे. बाळाच्या मेंदूला अजून बघायला शिकायचंय. डोळ्याकडून धूसरच काही येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणं सोडतो. ह्यूबेल आणि वीझल या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा मिटून हे दाखवलं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर सहाव्या आठवड्याच्या आसपास तो काढणं उत्तम.

मग त्या जागी कृत्रिम भिंग आत बसवायचं का? अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, सात महिन्यांच्या आतल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांच्या डोळ्यात भिंग बसवलं, निम्म्यांना वरून कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची मधली (मध्यक) दृष्टी सारखीच निघाली: सुमारे ६/४८. म्हणजे निरोगी डोळ्याला ४८ मीटरवरून दिसतं, ते यांना सहा मीटरवरून. शिवाय पाच वर्षांत भिंगवाल्या गटातल्या ७२ टक्के मुलांच्या डोळ्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या गटात २१ टक्के. कारण तान्ह्या डोळ्यात उरलेल्या पेशी वाढून बाहुलीवर पुन्हा जाळी धरते.

आणखी एक अडचण. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर लांबीचा डोळा वाढत २३-२४ पर्यंत जातो. भिंगाचा नंबर मात्र तोच राहतो. ते जवळ-लांबचं आपोआप जुळवूनही घेत नाही. म्हणून भिंग असूनही चष्मा लागतो, तोही बदलत जाणारा. आणि मेंदूने दुबळ्या डोळ्याची दखल घ्यावी, म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते. मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, आजी म्हणते, ‘राहू दे आजच्या दिवस.’ दृष्टी कमवायची ती इथे, घरात. काचबिंदूचा धोकाही असतो, त्यामुळे तपासण्या वर्षानुवर्षं चालतात.

मग उशीर झाला तर सगळं संपलं? अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची ऑपरेशननंतर परीक्षा घेतली. त्यांतल्या चौघांना जन्मजात मोतीबिंदू होता. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता आली नाही. काही दिवसांतच मात्र जमू लागलं. अशा मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, पण मेंदू शिकत राहतो.

तेव्हा बाळाच्या डोळ्यातली बाहुली पांढरट वाटली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मोठं मूल असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणू नका. आणि ऑपरेशनची तारीख घ्याल, तेव्हा पुढच्या तपासण्यांच्या तारखाही लिहून घ्या.