घास सोपा, नांव अवघड

मुंबईच्या एका नव्या धर्तीच्या उपाहारगृहांत एक वृद्ध गृहस्थ आपल्या पुतणीबरोबर बसले आहेत, असें दृश्य श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. गृहस्थ सेवानिवृत्त आहेत. त्यांचें वाचन दांडगें आहे. इंग्रजींत पत्रव्यवहार करण्यांत त्यांची सारी नोकरी गेली आहे. पुतणीच्या पहिल्या पगाराची ही मेजवानी. पदार्थांची छापील यादी हातांत येते आणि तिच्या एका कोपऱ्यांत त्यांना चंद्रकोरीच्या आकाराच्या, पापुद्रे सुटणाऱ्या एका फ्रेंच पावाचें नांव दिसतें. कादंबऱ्यांतून हा पाव त्यांना कैक वर्षें भेटत आलेला असतो. एकदां खाऊन पाहावा, अशी इच्छाहि असते. वाढपी तरुण अदबीनें पुढें येतो, आणि गृहस्थ रोमन अक्षरें जशीं दिसतात तशीं जुळवून म्हणतात, "एक क्रॉइसंट."

"क्र्वासाँ ना, सर?" तरुण विचारतो. त्याच्या स्वरांत उपहास नसतो. पण शेजारच्या मेजावर कोणी तरी हंसतें, पुतणी खालीं पाहते, आणि काका म्हणतात, "नको, राहूं द्या. चहाच आणा." पुढच्या महिन्यांत घरांतलीं माणसें बाहेर जेवावयास निघतात, तेव्हां काकांचें नेमकें डोकें दुखूं लागतें.

प्रसंग क्षुल्लक खरा. तथापि एका सुशिक्षित माणसाचें पाऊल एवढ्याशा शब्दानें उंबरठ्यावरच अडावें, यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

चुकीचें कारण पाहूं गेल्यास तें लाजिरवाणें मुळींच नाहीं. नागरी लिपींत वाढलेल्या माणसाला जसें लिहिलें तसें वाचण्याची संवय असते. रोमन लिपी मात्र एक आणि तिचे धनी अनेक. फ्रेंच शब्दाच्या शेवटचीं व्यंजनें बहुधा मुकीं राहतात. इटालियन भाषेंत 'सी' आणि 'एच्' हीं अक्षरें शेजारीं आलीं कीं त्यांचा 'क' होतो. म्हणून भाजलेल्या पावाच्या प्रसिद्ध पदार्थाला तेथें 'ब्रुशेटा' नव्हे, 'ब्रुस्केत्ता' म्हणतात. 'जी' आणि 'एन्' एकत्र आलीं कीं 'न्य' होतो. म्हणून बटाट्याच्या त्या मऊ गोळ्या 'न्योक्की'. अँडीज पर्वतावरील 'कीन्वा' हें धान्य केच्वा भाषेंतून स्पॅनिश अक्षरांत शिरलें आणि तेथून कित्येकांच्या तोंडीं 'क्विनोआ' होऊन बसलें. व्हिएतनामी भाषेंत तर स्वर आणि सूर किंचित् बदलला कीं अर्थच पालटतो. तिकडच्या शेवयांच्या रश्शाला परदेशी माणूस सरळ 'फो' म्हणून मोकळा होतो, तेव्हां व्हिएतनामी कानाला तें रश्शापेक्षां 'रस्ता' या शब्दाच्या अधिक जवळचें ऐकूं येतें.

तात्पर्य, अशी चूक बहुधा त्याच्याच हातून होते, ज्यानें शब्द ऐकण्यापूर्वीं वाचलेला असतो. ती वाचनाची खूण आहे. परंतु समाज तिचा अर्थ निराळा लावतो. हा गृहस्थ कोठें कोठें जाऊन आला, कोणाच्या पंक्तीला बसला, याचा दाखला म्हणून उच्चाराकडे पाहिलें जातें.

आणि असा दाखला मागण्याची रीत फार जुनी व कधीं कधीं फार क्रूर आहे. बायबलांतील 'शास्ते' या ग्रंथांत यार्देन नदीच्या उताराची कथा आहे. गिलादी लोक तेथें पहारा करीत आणि येणाऱ्याला 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. या हिब्रू शब्दाचा एक अर्थ धान्याचें कणीस. एफ्राइमी माणसाला 'श' साधत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेवढ्यावर प्राणास मुके. सिसिली बेटावर 1282 सालीं फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हां संशयिताला चणे दाखवून त्यांचें नांव घ्यावयास लावीत, अशी दंतकथा आहे. फ्रीसलंडमध्यें सोळाव्या शतकांतल्या बंडाच्या आठवणींत हीच परीक्षा लोणी, पाव आणि हिरवें चीज या तीन शब्दांची झाली. हीं जुन्या काळचीं गोष्टीवजा वृत्तें म्हणून सोडून द्यावीं, तर 1937 सालीं डॉमिनिकन प्रजासत्ताकांत हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेवरून हैतीच्या हजारों लोकांची कत्तल झाली. कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची जुडी दाखवून त्याचें 'पेरेहिल' हें स्पॅनिश नांव विचारीत आणि ज्याला त्यांतील 'र' साधला नाहीं तो परका ठरे, असें सांगतात. त्या कत्तलीला नांवहि त्या पाल्याचेंच पडलें आहे.

शेजारच्या मेजावरील हंसणें आणि ही तलवार यांत अंतर अर्थातच मोठें आहे. पण दोहोंचा प्रश्न एकच: तूं आमच्यांतला कीं बाहेरचा?

मग शुद्ध उच्चार ठरवितो कोण? इंग्रजांनीं हिंदुस्थानांतून 'खिचडी' नेली, तिच्यांत मासे व अंडीं घातलीं आणि तिला 'केजरी' केलें. तमिळ लोकांचें 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्याचें पाणी, त्यांच्या मेजावर 'मलिगाटॉनी' झालें. त्याबद्दल तेथें कोणी खालीं पाहिल्याचें ऐकिवांत नाहीं. मराठीनें तरी काय केलें? 'बटाटा' पोर्तुगीजांनीं आणला. त्यांना तो शब्द कॅरिबियन बेटांकडून मिळालेला. 'काजू' आणि 'अननस' हे ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे शब्द त्यांच्याच तोंडून इकडे आले. त्यांचा पाव तर अनुनासिक आहे. पण नाकांतला तो सूर काढून दाखव, असें सांगून कोणत्याहि बेकरीवाल्यानें गिऱ्हाइकाला अडविलेलें नाहीं. खरें पाहतां लाज भाषेला चिकटलेली नसते, ती किंमतीला चिकटलेली असते. पदार्थ महाग व दुर्मिळ आहे तोंवर त्याचें नांव परीक्षा घेतें. तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळूं लागला कीं तेंच नांव निमूटपणें घरच्या जिभेला वळण देऊं देतें.

याचा अर्थ उच्चाराविषयीं बेफिकीर असावें असा नाहीं. दुसऱ्याच्या घरचें नांव त्याच्यासारखें घेण्याचा प्रयत्न करणें, हा त्या घराचा मान आहे. पण मान देणें हें खाणाऱ्याचें काम. मागून घेणें हें यजमानाचें नव्हे. महाराष्ट्रांतल्या घरांना हें वेगळें शिकवावयास नको. परप्रांतीय किंवा परदेशी पाहुणा 'पुरणपोळी'चा 'ळ' चुकवून 'पुरनपोली' म्हणतो, तेव्हां घरची माउली त्याला व्याकरण सांगत नाहीं, ती त्याच्या पानांत आणखी एक पोळी वाढते, तिच्यावर तूप सोडते आणि सहज म्हणते, "पोळी गरम आहे, जपून." पाहुण्याला शब्दहि कळतो आणि घासहि गोड लागतो. परक्या 'ळ'साठीं असलेलें हें औदार्य घरच्याच वडीलधाऱ्यांच्या वेळीं कोठें जातें, एवढाच प्रश्न उरतो.

त्या काकांच्या घरीं हा प्रश्न एका रविवारीं सुटला. सगळीं निघालीं होतीं. काकांनीं नेहमींप्रमाणें कपाळाला हात लावला होता. पुतणी चपला काढून आंत आली आणि त्यांच्या खुर्चीपाशीं बसली.

"काका, चला ना तुम्ही. तो शब्द पहिल्यांदा मलाहि म्हणतां आला नव्हता. मी नुसतें यादीवर बोट ठेवून 'हें द्या' म्हटलें होतें."

काका थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"मग अगं, त्या दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?"

तिच्यापाशीं उत्तर नव्हतें. काकांनीं खुंटीवरची टोपी घेतली आणि जिना उतरतां उतरतां तिला विचारलें, "बरें, आतां एकदां सावकाश म्हणून दाखव पाहूं."