मोल्सवर्थ : एका आडनावाची कुळकथा

एखाद्या मराठी शब्दाच्या अर्थाविषयी वाद पडला की, ‘मोल्सवर्थ काय सांगतो?’ असा प्रश्न जाणकारांत हटकून निघतो. त्या प्रश्नापुरते मोल्सवर्थ हे माणसाचे नाव न राहता ग्रंथाचे नाव झालेले असते. परंतु इंग्लंडातही विरळाच आढळणारे हे आडनाव मूळचे ना ग्रंथाचे, ना घराण्याचे. ते एका खेड्याचे नाव आहे.

पूर्वीच्या हंटिंग्डनशर परगण्यात, म्हणजे १९७४ पासूनच्या केंब्रिजशरमध्ये, मोल्सवर्थ हे लहानसे गाव आहे. पहिल्या विल्यम राजाने करविलेल्या १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीत त्याची नोंद सापडते. ‘वर्थ’ म्हणजे प्राचीन इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती. एन्सवर्थ, वर्ड्स्वर्थ या नावांच्या शेवटी हाच शब्द आहे. पूर्वपदात ‘मूल’ हे जुने व्यक्तिनाम असून सातव्या शतकातील केंटच्या एका राजाचेही तेच नाव होते. आपल्या मराठी ‘मूल’ शब्दाशी अर्थातच त्याचे नाते नाही. तात्पर्य, मोल्सवर्थ म्हणजे मूल नावाच्या कोणा गृहस्थाची वाडी.

गावावरून माणसाला नाव पडते, ते बहुधा त्याने गाव सोडल्यावर. गावातल्या गावात त्या नावाने कोणाची ओळख पटणार? नीरेकाठच्या होळ गावावरून पडलेले होळकर हे नाव इंदुरास जाऊन प्रतिष्ठा पावले, ते याच न्यायाने. मोल्सवर्थ घराण्याची एक शाखा कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथे स्थिरावली. तिच्यातील सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) यांनी तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र ग्रंथ संपादिले. आयर्लंडमधील रॉबर्ट मोल्सवर्थ यांनी १६९४ मध्ये डेन्मार्कच्या अनियंत्रित राजसत्तेवर टीकात्मक ग्रंथ लिहिला; १७१६ मध्ये त्यांना व्हायकाउंट हा किताब मिळाला.

कंपनी सरकारच्या लष्करातील जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) या अधिकाऱ्याने हे नाव महाराष्ट्रात रुजविले. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू आणि येथील शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० वर गेली. ग्रंथांत न सापडणारे, शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, घरातील बायाबापड्यांच्या तोंडचे कितीतरी शब्द त्यात नोंदले गेले. त्यांपैकी अनेक आज बोलण्यातून लोपले आहेत. कोशात मात्र ते अर्थासह शाबूत आहेत.

मराठी लोकांनी या परक्या नावालाही आपल्या जिभेचे वळण दिले आणि त्या साहेबाला ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले. आपल्या वाडीभोवती कुंपण घालणाऱ्या त्या मूलाविषयी इतिहासाला याहून अधिक काही ठाऊक नाही. त्याचे नाव मात्र हजारो कोस दूर, दुसऱ्याच एका भाषेचे शब्द राखीत उभे आहे.