खरे केस, पण कुठले?

आज आम्ही टोपाविषयी बोलणार आहोत. स्वयंपाकघरातला टोप नव्हे, डोक्यावरचा. दुकानात त्याला विग म्हणतात.

आम्ही सात जणी. सहा जणींचे केस केमोत गेले, एकीचे चाईने. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणातरी एकीच्या घरी बसतो, चहा होतो, रिपोर्ट एकमेकींना दाखवून होतात. या बैठकीत टोपाचा विषय इतक्यांदा निघाला की केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, हे रेडिओवरच सांगा ना. म्हणून आलो. जे सांगणार आहोत ते आम्ही पैसे घालवून शिकलोय. त्यातले जास्त पैसे काकूंचे.

काकूंच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं आणि केमो संपून जेमतेम महिना झालेला. डोक्यावर नुसती लव. व्याह्यांना आजारपण माहीत होतं, लपवायचं असं काही नव्हतं. पण मांडवात चारशे माणसं येणार आणि प्रत्येक जण नवरीऐवजी आपल्याच डोक्याकडे बघणार, हे काकूंना नको होतं. त्यांनी भिशीचे २८ हजार उचलले आणि शहरातल्या एका दुकानातून कमरेपर्यंत केसांचा टोप आणला. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के माणसाचे केस. तो खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगतो.

पहिले पंधरा दिवस टोप असा झळकत होता की आम्हीच त्यावरून हात फिरवून बघत होतो. मग काकूंनी तो धुतला. पुन्हा धुतला. तिसऱ्या धुण्यानंतर मानेजवळ गुठळी झाली. काकूंनी आपल्या नेहमीच्या सवयीनं तिच्यावर खोबरेल चोपडलं. हळदीच्या आदल्या रात्री त्यात कंगवा अडकला तो निघेना. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, धुतलेला माल आम्ही परत घेत नाही.

आमच्यातली धाकटी कंडिशनर आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन दोन तास बसली. टोकापासून थोडं थोडं सोडवत वर गेली. शेवटी कात्रीनं वीतभर केस कापावे लागले. लग्न पार पडलं, फोटोत काकू छान दिसतात. पण त्या रात्री त्या जेवढ्या रडल्या, तेवढ्या ऑपरेशनच्या वेळीही रडल्या नव्हत्या.

केस खरे, मग असं का झालं? त्यासाठी गुंतवळाकडे वळावं लागतं. केसांवर फुगे, केसांवर भांडी अशी हाळी ऐकली असेल तुम्ही. विंचरताना निघालेलं आपलं गुंतवळ त्या घेऊन जातात. हा मोठा धंदा आहे. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगर, बंगालमध्ये मुर्शिदाबाद अशा भागांत बायका दिवसदिवस बसून हे गुंते सोडवतात आणि लांबीप्रमाणे केस वेगळे करतात.

आता केस कसा असतो बघा. त्याच्यावर अगदी बारीक खवले असतात, घरावरच्या कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडे उतरते. डोक्यावर सगळ्या केसांची कौलं एकाच दिशेला असतात, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. गुंतवळात मात्र कुणाचं मूळ वर, कुणाचं टोक वर. उलटसुलट खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. तो होऊ नये म्हणून कारखान्यात आम्लानं खवले काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा लेप देतात. झळाळी असते ती त्या लेपाची. चार-सहा धुण्यांत लेप उतरतो आणि खाली उरतो तो निर्जीव, कोरडा केस.

दुसऱ्या प्रकारचे केस डोक्यावरून एकदम उतरवलेले असतात. मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला, तशीच जुडी बांधलेली. दुकानात याला रेमी म्हणतात. तिरुपतीला कल्याणकट्ट्यावर भाविक केस देतात. देवस्थान ते लांबीप्रमाणे निवडून लिलावात विकतं. आपल्यापैकी कितीतरी जणींनी नवस फेडायला तिथं केस दिले असतील. आमच्यातल्या दोघींनी तर दिलेतच, आणि पुढं त्याच जातीचे केस विकत घेताना हात आखडता घ्यावा लागला. असो.

दुकानदार बहुतेक वेळा एक केस जाळून दाखवतो. जळताना पिसं जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर माणसाचा. वितळून टणक मणी झाला तर प्लॅस्टिकचा. ही परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. काकूंचा टोपही तीत पहिल्या नंबरानं पास झाला असता. तुम्ही एक बट चिमटीत धरा. मुळाकडून टोकाकडे बोटं न्या, गुळगुळीत लागेल. आता टोकाकडून मुळाकडे न्या. किंचित खरखर लागली तर खवले शाबूत आहेत. अशा पाच-सहा ठिकाणच्या बटा बघा. दोन्हीकडून काचेसारखं गुळगुळीत लागलं तर समजा लेप आहे, आणि किंमत त्या हिशेबानं पाडून मागा. टोप घेऊन उन्हातही या. खऱ्या काळ्या केसांत उन्हात कुठं कुठं तपकिरी छटा दिसते. सगळा टोप एकसारखा काळाकुळकुळीत असेल तर तो रंगवलेला.

म्हणजे रेमीच घ्यायचा का? आमचं तसं म्हणणं नाही. लग्नकार्यापुरता, दोन-तीन महिन्यांपुरता हवा असेल आणि कमी धुणार असाल तर लेपाचा आखूड टोपही चालून जातो. काकूंची चूक एवढीच की त्यांनी तो लांब घेतला. केस जितका लांब तितका गुंता जास्त, वजन जास्त आणि पैसेही जास्त. खांद्यापर्यंतचा चांगला केस कमरेपर्यंतच्या वाईट केसापेक्षा कधीही बरा.

केसांइतकीच आतली जाळी महत्त्वाची. सगळ्यात स्वस्तात केसांच्या पट्ट्या मशीननं रांगेत शिवलेल्या असतात. वरून ठीक दिसतात, पण भांग पाडला की शिवण डोकावते. त्याहून वरच्या प्रकारात डोक्याच्या माथ्यावर बारीक जाळी असते, तिच्यात एकेक केस हातानं गाठवलेला. मोनो म्हणून मागा. भांगातून आपली कातडी दिसते, त्यामुळे खरं वाटतं. लेस फ्रंटमध्ये कपाळाजवळची रेघ नैसर्गिक दिसते, पण मागं पुन्हा शिवलेल्या पट्ट्याच. इथंच आपल्या बायका फसतात. कारण आपल्याला अंबाडा घालायचा असतो, गजरा माळायचा असतो. अंबाडा वर बांधला की मानेवरच्या पट्ट्या उघड्या पडतात. तसा अंबाडा हवा असेल तर फुल लेस लागतो, तो महाग आणि नाजूक. नाहीतर मानेवर सैल बुचडा किंवा वेणी, एवढ्यावर भागवा. आणि लेस चिकटवायला गोंद देतात तो केमो चालू असताना नकोच. टाळू तेव्हा दुखरी असते.

आमच्या मावशी भाजी विकतात. डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही. त्यांनी आधी साडेचार हजारांचा प्लॅस्टिकचा टोप घेतला. आठ दिवस चुलीपुढं भाकरी थापल्यावर कपाळावरचे केस जळक्या दोऱ्यासारखे आक्रसले. मग कळलं, त्यांना अख्खा टोप हवाच कशाला? आता त्या सुती टोपीला शिवलेली खऱ्या केसांची झालर वापरतात. कपाळावर आणि कानाजवळ केस, माथा मोकळा, वर पदर. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या घामानं निथळत होतो, मावशी मजेत. चुलीच्या आचेला मात्र खरा केसही करपतो, अंतर ठेवावंच लागतं.

अंगणवाडीच्या ताईंना चाई आहे, म्हणजे कधी संपेल सांगता येत नाही. त्यांनी दागिना मोडून रेमी केसांचा, मोनोचा, खांद्यापर्यंतचा घेतला. रोज वापरून १४ महिने झाले, अजून चालतोय. एरवी रोजच्या वापरात खऱ्या केसांचा टोप साधारण वर्षभर टिकतो, असं धरून पैशांचा हिशेब करा.

केमोची तारीख मिळाली की त्याआधीच दुकानात जाऊन या. पहिल्या सलाइननंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. स्वतःची एक बट कापून पुडीत ठेवा, रंग आणि जाडी जुळवायला उपयोगी पडते. टेप कपाळापासून कानांवरून मानेपर्यंत फिरवून माप घ्या, पण केस गेल्यावर पुन्हा घ्या, कारण डोकं थोडं लहान भरतं. आणि दाट टोपाच्या मोहात पडू नका. चाळिशीनंतर इतके दाट केस कुणाचेच नसतात, लोक लगेच ओळखतात.

धुताना कोमट पाणी, सौम्य शाम्पू, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. मुळाजवळ तेल किंवा कंडिशनर लावू नका, गाठी सुटतात. रोज वापरत असाल तर दहा-पंधरा दिवसांनी धुतलं तरी पुरे.

धाकटीचे केस आता खांद्याला टेकलेत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत. तिचा रेमी टोप धुऊन, सुती कापडात गुंडाळून आमच्याकडे ठेवलाय. माप ५५ सेंटिमीटर, मागं दोन पट्टे आहेत, बोटभर सैल-घट्ट होतो. केस मानेच्या थोडं खाली, रंग काळा-तपकिरी. भांग डावीकडे आहे. ज्या कुणाला लागेल तिनं केंद्रावर निरोप ठेवावा. पैसे नकोत, वापरून झाला की धुऊन परत द्यायचा.