वस्त्राआडून हृदयाचा लेख

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यापूर्वीं त्याच्या स्नायूंतून विजेची एक बारीक लहर जाते. ती छातींतच न थांबतां सर्व शरीरभर पसरून कातडीपर्यंत येते. तेथें तिचें बळ व्होल्टच्या एखाद्या सहस्रांशाइतकेंच उरतें. एवढी क्षीण लहर टिपावयाची म्हणजे धातूची पट्टी कातडीला ओलाव्यासह घट्ट भिडली पाहिजे, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. आणि ती निराधार नव्हती.

लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयांत ऑगस्टस वॉलर यांनीं १८८७ सालीं माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत्-लेख काढून दाखविला. पुढें ते पुष्कळदा आपल्या जिमी नांवाच्या बुलडॉगवर हा प्रयोग करीत. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांतपणें उभा राही. १९०९ सालीं रॉयल सोसायटींत त्याचें असेंच एक दर्शन झालें, तेव्हां प्राण्याचा छळ झाला म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न विचारला गेला. भांड्यांत नुसतें मिठाचें पाणी होतें, असा खुलासा सरकारला करावा लागला! हॉलंडांत लायडन येथें विलेम आइन्थोव्हेन यांनीं चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अत्यंत बारीक तंतु योजून असे स्वच्छ लेख काढले कीं, १९२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांचाही रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यांत बुडवून बसलेला असे. पुढें भांडीं गेलीं आणि ओलसर लेपाच्या चिकट चकत्या आल्या.

धडधाकट माणसाला या चकत्यांचा जाच म्हणजे काढतांना छातीवरचे चार केस उपटले जाणें, एवढाच. महिने भरण्यापूर्वींच जन्मलेल्या बालकाची गोष्ट निराळी. त्याची त्वचा इतकी नाजुक असते कीं, चकतीबरोबर तिचा वरचा थरही सोलून निघूं शकतो. आणि त्या उघड्या जागेंतून रोगजंतूंना वाट मिळते. ज्या बालकाच्या हृदयावर रात्रंदिवस लक्ष ठेवावयाचें, त्यालाच त्या देखरेखीनें जखम व्हावी, हें मोठें विचित्र संकट आहे. अंग भाजलेल्या रोग्याच्या छातीवर तर चकती लावावयास कधीं कधीं जागाच उरत नाहीं.

यांतून निघण्याची वाट एका जुन्या तत्त्वांत होती. जुन्या रेडिओ-यंत्रांत स्टेशन लावण्याची कळ फिरविली कीं, आंत धातूचीं पातळ पानें एकमेकांत शिरत. पण तीं एकमेकांस शिवत नसत. मध्यें हवा असे, तरीहि बदलत्या विजेचा परिणाम एका पानावरून दुसऱ्यावर पोंचे. हाच कंडेन्सर. आतां एक पान म्हणजे माणसाचें शरीर, दुसरें म्हणजे खुर्चीच्या पाठींतील धातूची पट्टी, आणि मधली हवा म्हणजे अंगांतील सुती सदरा, अशी कल्पना केली कीं सारें यंत्र ध्यानांत येतें.

कल्पना सोपी, पण तिची किंमत जबर. सदऱ्याआडून मिळणारा कंडेन्सर फारच लहान असतो, आणि हृदयाच्या लहरी मंद असतात. लहान कंडेन्सर मंद लहरींना फार अडवितो. म्हणून पट्टीमागील वर्धकाचा विद्युत्-रोध हजार कोटी ओहमांहून पुष्कळ अधिक ठेवावा लागतो. नाहीं तर मुळांतच क्षीण असलेली लहर वाटेंतच विरून जाते. अमेरिकेंत रिचर्डसन व लोपेझ यांनीं १९६९ च्या सुमारास विद्युत्-रोधक थर दिलेल्या अशा पट्ट्यांनीं लेख काढले. २००२ सालीं इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं तर शरीरापासून एक मीटरपर्यंतच्या अंतरावरून हृदयाचे संकेत टिपल्याचें प्रसिद्ध केलें. २००६ सालीं दक्षिण कोरियांत सेऊल येथें कपडे घालून साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा लेख मिळाला. २०११ सालीं जर्मनींतील आखेनच्या तंत्रविद्यापीठानें फोर्ड कंपनीच्या सहकार्यानें मोटारीच्या बैठकीच्या पाठींत सहा संवेदक बसवून दाखविले.

प्रसिद्धीच्या भरांत एक गोष्ट मागें पडते. हृदयाची लहर ऐकूं येणें हें खरें अवघड काम नव्हेच. इतर सर्व गलबल्यांतून ती निवडून काढणें अवघड. भिंतींतील तारांतून दर सेकंदाला पन्नास फेरे घेणारी वीज प्रत्येक शरीरावर आपली छाया टाकते, आणि ती छाया हृदयाच्या लहरीहून कितीतरी पट मोठी असते. त्याहून खोडकर म्हणजे कपडा. नायलॉनचा सदरा खुर्चीच्या पाठीवर घासला कीं घर्षणानें वीज उत्पन्न होते, आणि लेखावर असे डोंगर उठतात कीं खरा ठोका त्यांत बुडून जातो. सुती कापड व थोडा घाम यंत्राला मानवतो. कोरडी हवा मानवत नाहीं. चिकट चकतीची कातडीवरची पकड हाच तिचा गुण होता, हें येथें उमगतें: ती अंगाबरोबर हलते, खुर्ची हलत नाहीं.

या यंत्राचें एक अंग अधिक विचार करावयासारखें आहे. चकती लावतांना रोग्याला कळतें कीं आपली तपासणी होत आहे. तो हवें तर नको म्हणूं शकतो. खुर्ची कांहींच विचारीत नाहीं. झोपेची डुलकी येणाऱ्या मोटारचालकाला सावध करणारी बैठक स्वागतार्हच; पण नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या तरुणाच्या पाठीमागें तीच पट्टी लपवावयास कितीसा खटाटोप लागेल? येथें प्रश्न विजेचा नसून कायद्याचा आहे, आणि तो यंत्र स्वस्त होण्यापूर्वींच सोडविलेला बरा.

तूर्त या संवेदकांचें खरें बळ ठोक्यांची गति व त्यांतील अनियमितपणा ओळखण्यांत आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या अंगाखालील गादींत ते बसवून प्रयोग झाले आहेत. मूल हललें कीं लेख तुटतो, स्थिर झालें कीं पुन्हां उमटतो. म्हणून एका पट्टीऐवजीं अनेक पट्ट्या मांडून, ज्या पट्टीवर त्या घटकेस मूल नीट टेकलें असेल तिचाच लेख घेण्याची युक्ति योजिली आहे. परंतु हृदयविकाराचा झटका आला असें वाटतें, तेव्हां लेखांतील एका बारीक रेषेची चढउतार निर्णायक ठरते. तेथें सदऱ्याआडून आलेल्या लेखावर विसंबणें धोक्याचें. अशा रोग्याचा सदरा आजही काढला जातो, आणि त्याच्या छातीवर सहा व हातापायांवर चार चकत्या लावल्या जातात.