झोपेतली पावले



आपला खंडोबा अणदूर आणि नळदुर्ग या दोन ठाण्यांत दरवर्षी ये-जा करतो; देवाच्या त्या चालण्याचे गावाला कौतुक. मध्यरात्री झोपेतच दाराची कडी काढणाऱ्या पोराला मात्र अंगारा लागतो, त्याच्यावरून लिंबू उतरवले जाते, 'बाहेरचं' असेल म्हणून देवऋषी गाठला जातो. ज्या गावात डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यापाड्यातल्या बायकांतून 'भारतवैद्य' म्हणवणाऱ्या आरोग्यसेविका घडवल्या, तिथे तरी हे चालू नये.

नाटकांनीही गैरसमज वाढवला. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून शिरवाडकरांनी 'राजमुकुट' लिहिले. मूळ नाटकातली लेडी मॅकबेथ झोपेत चालते ती पापाच्या टोचणीने. दहा वर्षांच्या पोराने कसले पाप केलेले असणार?

तो स्वप्नही जगत नसतो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू लुळे पडलेले असतात. झोपेतले चालणे घडते ते बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा झाला की. हालचालींची केंद्रे कामाला लागतात, सारासार विचार करणारा भाग झोपलेलाच राहतो. म्हणून सकाळी काही आठवत नाही. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी सोळा वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूतला रक्तप्रवाह ऐन अशा वेळी टिपला, तेव्हा साधारण असेच दिसले.

आनुवंशिकता मोठी. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये मुलांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. आईवडील दोघेही झोपेत चाललेले असतील तर ६१ टक्के मुले चालली. दोघांपैकी कुणीच नसेल तर २२ टक्के. त्यात ताप, जागरण, तुंबलेली लघवी, घोरताना अडणारा श्वास यांचे निमित्त होते. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळीनेही हे घडते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला.

जागे केले तर माणूस दगावतो, हे खोटे. तो गोंधळतो, कधी झटापट करतो. हळूच धरून अंथरुणाकडे वळवावे. खरा धोका पडण्याचा. उन्हाळ्यात माळवदावर झोपणाऱ्या आपल्या भागात तर फारच.

बहुतेक मुलांची ही सवय वयात येताना सुटते. मोठेपणी प्रथमच सुरू झाली, तर फिट्सचा आजार नाही ना, हे तपासावे लागते.

व्याख्यानांसाठी आलेल्या पाहुण्या डॉक्टरांना स्वागत समितीची एकच विनंती: व्याख्याने आटोपल्यावर लगेच गाड्या काढू नका. आशाताईंबरोबर, म्हणजे आशा स्वयंसेविकांबरोबर, तासभर बसा आणि झोपेत चालणारे कुणी असलेल्या घरी गेल्यावर काय विचारायचे, ते त्यांना सांगून जा.