चित्र थांबवता आले पाहिजे



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'वर्गातील चित्र, ध्वनी आणि चित्रपट' हा विषय आमच्याकडे सोपवला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून प्राध्यापकांनी बोलावे आणि आम्ही समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हा आमचा आजवरचा रिवाज. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे अकोल्यातल्या एका जिनिंगच्या आवारात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु गेली तीस वर्षे अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत हमाल, जिनिंगमधले कामगार आणि शेतमजूर यांचे रात्रीचे अभ्यासवर्ग आम्ही घेत आलो आहोत. विद्यार्थ्याच्या मिशा पिकल्या म्हणून वर्ग हा वर्ग राहत नाही असे थोडेच आहे? तेव्हा त्या अनुभवाच्या आधारावर चार शब्द बोलणार आहोत.

आरंभ आमच्या फजितीपासून करणे बरे. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने भाड्याचा प्रोजेक्टर आणला. विषय होता भविष्यनिर्वाह निधीचा. एका शिकलेल्या तरुण कार्यकर्त्याकडून चाळीस स्लाइड करून घेतल्या होत्या. गोदामाची दारे लावली, दिवे मालवले आणि भिंतीवर जे उमटले होते तेच आम्ही मोठ्याने वाचू लागलो. ज्याला वाचता येत होते त्याने आमच्या आधीच वाचून टाकले. ज्याला येत नव्हते त्याला ती अक्षरे म्हणजे भिंतीवरच्या मुंग्या. दिवसभर पोती उचललेला माणूस, त्यात अंधार आणि आमचा एकसुरी आवाज! दहाव्या स्लाइडपर्यंत निम्मा वर्ग घोरू लागला होता. मग वीज गेली. आम्ही कंदील लावला, कोळशाने फरशीवर पोत्यांची एक थप्पी काढली आणि विचारले, "ही किती उंच गेली म्हणजे कोसळेल?" झोपलेले उठून बसले. एक म्हणाला दहा, दुसरा म्हणाला सोयाबीनची असेल तर आठच, तिसऱ्याने आमच्या हातातला कोळसा हिसकावून थप्पीचा पाया नीट काढून दाखवला. वर्ग रात्री बारापर्यंत चालला. भविष्यनिर्वाह निधी त्या दिवशी राहूनच गेला, हे कबूल केले पाहिजे.

त्या रात्रीपासून आम्ही एक खूणगाठ बांधली. चित्राने वर्ग जागा होत नाही. चित्रावरून विचारलेल्या प्रश्नाने होतो. कोळशाच्या चार रेघांत प्रश्न होता आणि चाळीस रंगीत स्लाइडांत तो नव्हता, एवढाच काय तो फरक.

आणि वऱ्हाडात हे काही नवे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. म्हणजे स्वच्छतेचा धडा तोंडाने सांगण्याआधी तो गावाच्या डोळ्यांसमोर झालेला असे. खराटा आणि डोक्यावरचे खापर, याहून स्वस्त साधने कोणत्या शिक्षकाने वापरली? पुन्हा कीर्तनात ते प्रश्न विचारीत, समुदायाकडून उत्तर काढून घेतल्याखेरीज पुढे सरकत नसत. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते आम्ही वर्गात लावतो, पण सलग नाही. बाबांनी प्रश्न टाकला की यंत्र बंद करायचे आणि आमच्या माणसांना उत्तर द्यायला लावायचे. मग त्या दिवशीच्या समुदायाने काय उत्तर दिले ते ऐकवायचे. इतक्या वर्षांपूर्वीचा वर्ग आमच्या वर्गाला येऊन मिळतो.

आमच्या कामगार चळवळीलाही हे ठाऊक होते. सत्यशोधकांचे जलसे, पुढे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक, ही सारी डोळ्याकानांची शाळाच होती. मात्र तीस वर्षे गाणी म्हणवून घेतल्यानंतर आमचे एक मत झाले आहे, ते कोणाला रुचो वा न रुचो: गाणे माणसाला विचारायच्या आत 'होय' म्हणायला लावते. सभेला ते चांगले, अभ्यासवर्गाला बेताचे.

मग यंत्रांची आणि चित्रांची जरूर कोठे? जेथे डोळा पोचत नाही तेथे. मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक युरोपात कोमेनियसने १६५८ मध्येच छापले, कारण जगातली प्रत्येक वस्तू वर्गात आणता येत नाही. आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ जादूच्या कंदिलाने सुरू केले आणि पुराणातले प्रसंग पडद्यावर आणले. दादासाहेब फाळक्यांनी तर त्याहून मोठी गंमत केली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून त्याच्या वाढीचा इवलासा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी केलेली ही खटपट. पण आमच्या लेखी तो या मातीतला पहिला शैक्षणिक चित्रपट. कोंब वाढतो हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको, पण वाढताना त्यालाही तो कधी दिसलेला नसतो.

पुढे सरकारनेही प्रयत्न केले. १९८४ मध्ये पुण्याला 'बालचित्रवाणी' निघाली, दूरदर्शनवरून शाळांसाठी कार्यक्रम होऊ लागले. ती संस्था २०१७ साली बंद पडली. तिच्या कार्यक्रमांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण दूरदर्शनचा पाठ मध्येच थांबवता येत नसे. मुलाने बोट वर केले तरी पडद्यावरच्या बाई पुढे निघून जात, आणि वीज गेली तर तो पाठ गेलाच. आज कोणाच्याही खिशातला मोबाइल बोट लावताच थांबतो. आमच्या मते गेल्या चाळीस वर्षांतली या क्षेत्रातली खरी प्रगती ही एवढीच, पण ती लहान नव्हे.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही येथे उभे राहिलो तो सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. आमच्या मजुरांत भीती पसरली. पुढच्या हंगामात आम्ही फवारणीचे वर्ग घेण्याचे ठरवले. औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची जहालता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हे शिकवायला डबेच आणावेत असे प्रथम वाटले, कारण वस्तू हाती असताना तिचे चित्र दाखवणे हा आम्ही आळस समजतो. पण रिकाम्या डब्यातही विष उरलेले असते. तेव्हा मजुरांनाच आपापल्या वावरातल्या डब्यांचे फोटो काढून आणायला सांगितले आणि ते पांढऱ्या चादरीवर मोठे करून दाखवले. "हिरवा म्हणजे काय?" असे विचारता अनेकांनी सांगितले, "हिरव्या पिकासाठी." वर्षानुवर्षे ते डबे हाताळणारी ही माणसे! वर्गाशिवाय हे आम्हाला कधी कळले असते?

त्यानंतर आम्ही एक तयार चित्रफीत लावली. टोपी, चष्मा, हातमोजे, बूट घातलेला गडी ऐटीत फवारतो आहे. मागून एक मजूर म्हणाला, "भाऊ, थांबवा जरा. याची पऱ्हाटी त गुडघ्याइतकीच हाये. आमची डोक्याच्या वर गेली होती. आमी फवारा वर मारला, अन् तो आमच्याच तोंडावर आला." चित्रफीत काढणाऱ्याने सारे काही दाखवले होते, फक्त २०१७ ची कपाशी दाखवली नव्हती.

मग सप्टेंबरात बाळापूर तालुक्यातल्या एका गावी उंच कपाशीतच वर्ग भरवला. विष कधी न भरलेला कोरा पंप घेतला, पाण्यात कपड्याची नीळ कालवली आणि त्याच गड्याला पांढरा सदरा, पांढरी टोपी, तोंडाला पांढरा रुमाल असा पोशाख चढवला. एका पोराने मोबाइलवर चित्रण केले. दोन ओळी मारून गडी बाहेर आला तो छातीपासून कपाळापर्यंत निळा. रुमालावर ओठांच्या जागी गडद डाग, आणि पाठीवर पंप गळत होता तेथे मोठा पट्टा. लोक हसले, मग हसणे थांबले. संध्याकाळी समाजमंदिरात तीच फीत चादरीवर लावली. वारा कोणत्या क्षणी फिरला ते वावरात कोणालाच दिसले नव्हते. फीत थांबवून मागे नेली तेव्हा दिसले. प्रत्यक्षानंतर चित्राचा उपयोग होतो तो असा.

आम्ही आवरायला लागलो तेव्हा एक बाई उठल्या. म्हणाल्या, "मारनाऱ्याचं पाह्यलं. कालवनारीचा हात कोनी पाह्यला काय?" आम्ही गप्प. आमच्या वऱ्हाडात पाणी वाहून आणणे आणि औषध कालवणे हे पुष्कळ ठिकाणी बायांकडे असते. आमच्या चित्रणात त्या चौकटीबाहेर होत्या. फीत पुन्हा सुरुवातीपासून लावली. एका कडेला, क्षणभर, त्यांचा हात दिसत होता. कोपरापर्यंत निळा. संघटनेच्या कामात इतकी वर्षे घालवूनही फवारणारा पुरुष एवढाच कामगार आमच्या मनात होता, ही आमची चूक. पुढच्या वर्गापासून हातमोज्यांची मागणी दोघांसाठी झाली.

ती फीत आम्ही मेळघाटातून सुगीसाठी सपाटीवर उतरणाऱ्या मजुरांनाही दाखवतो. त्यांची कोरकू भाषा मुंडा कुळातली; मराठीशी तिचे नाते नाही. आमचे मराठी भाषण त्यांच्या कानांवरून निघून जायचे. आता फितीचा आवाज बंद करतो आणि त्यांच्यातलाच एक तरुण शेजारी उभा राहून कोरकूत सांगतो. त्याचे सांगणे ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, पण तो स्वतः असला तर यंत्र लावत नाही.

शाळांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार थोडा. २०१५ नंतर लोकवर्गणीतून अनेक गावांनी शाळेला पडदे आणि यंत्रे घेऊन दिली, ही आनंदाची गोष्ट. आमची शिक्षकांना विनंती एवढीच की पडदा लावल्यावर स्वतः एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. अक्षर दिसते का, आवाज फुटतो का, ते तेथेच कळते. तीन मिनिटे दाखवावे आणि दहा मिनिटे बोलू द्यावे. आणि पालकांनी 'आज काय दाखवले?' असे न विचारता 'मास्तरांनी कोठे थांबवले?' असे विचारावे.

त्या बाळापूरच्या बाई आता आमच्याबरोबर वर्गाला येतात. फीत आम्ही लावतो. त्यांचा हात पडद्याच्या कडेला आला की त्या आमच्या खांद्यावर चापट मारतात; आम्ही थांबवतो, आणि पुढचे त्या बोलतात.