कोराकुएन : पाण्याच्या सूत्रांत ओंवलेलें उद्यान

उद्यान म्हटलें म्हणजे फुलांचे ताटवे, सरळ आंखलेल्या वाटा आणि मध्यभागीं उडणारें कारंजें असें चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभें राहतें. कारंजें सुरू असलें कीं बाग शोभते; तें बंद पडलें कीं मागें शेवाळलेला हौद उरतो. याचें कारण असें कीं, तेथें पाणी हा केवळ अलंकार असतो. पाणी हाच ज्याचा प्राण आहे अशा एका उद्यानाविषयीं आज मी बोलणार आहें. तें जपानांतील ओकायामा शहरीं असून त्याचें नांव कोराकुएन.

इकेदा त्सुनामासा या तेथील मांडलिक राजानें हें काम आपला अधिकारी त्सुदा नागातादा याजकडे सोंपविलें. १६८७ सालीं आरंभ झाला व १७०० सालीं उद्यान बहुतांशीं सिद्ध झालें. असाही नदीच्या एका तीरावर राजाचा किल्ला आणि पलीकडे बेटावर सुमारें ३३ एकरांचें हें उद्यान, अशी रचना आहे.

आंत शिरलेल्या पाण्याचा सुमारें ६४० मीटर लांबीचा ओढा बागभर खेळविला आहे. या ओढ्याला घाई कशी ती नाहीं. कोठें तो हिरवळीमधून नागमोडी जातो, कोठें तळ्याला मिळतो. तीन बेटें असलेलें सावा-नो-इके हें तळें उद्यानाच्या मध्यावर आहे. त्याच्या कांठीं युइशिनझान ही अवघी सहा मीटर उंचीची टेंकडी आहे. ती त्सुनामासाच्या पुत्रानें रचविली. तोंवर सपाट असलेल्या बागेला तिच्यामुळें उंचसखलपणा आला, आणि सगळी रचना एका दृष्टिक्षेपांत न्याहाळावयास एक जागा मिळाली.

पुढें आयरिस फुलांच्या पाणथळ वाफ्यावर आठ फळ्यांचा वांकडातिकडा पूल लागतो. चहाच्या झुडुपांच्या ओळी आहेत, आलुबुखाराच्या जातीच्या झाडांची राई आहे. कमळांच्या तळ्याकाठीं एक प्रचंड शिळा आहे. ती नव्वदांहून अधिक तुकडे करून आणली व येथें पुनः होती तशी जुळविली! पण मला सर्वांत मोह पडतो तो र्‍यूतेन या दुमजली मंडपाचा. त्याचा तळमजला चोहोंकडून मोकळा असून ओढा थेट त्याच्या मधून वाहतो. प्रवाहांत सहा रंगीत दगड मांडले आहेत. मनुष्यानें पाण्याजवळ बसावें आणि कांहीं करूं नये, एवढाच त्या मंडपाचा हेतु.

इतक्या नाना तऱ्हा एकत्र आल्या तर त्यांचें प्रदर्शन व्हावयाचें. येथें तसें होत नाहीं. तळ्यांत पाणी आकाश दाखवितें, वाफ्यांत तें फुलें पोसतें, मंडपांत तें सोबत करितें. पाणी एकच, मात्र प्रत्येक ठिकाणीं त्याचें काम निराळें. आणि बागेची हद्द कुंपणापाशीं संपत नाहीं. पलीकडचा किल्ला व मिसाओ टेंकडी हींही त्याच चित्रांत सामावून घेतलीं आहेत.

या विहारभूमींत भाताचें खाचरही आहे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. राजाच्या बागेंत शेती कशाला? याचें उत्तर उद्यानाच्या नांवांत सांपडतें. तें नांव १८७१ सालीं देण्यांत आलें व एका जुन्या चिनी विचारावर तें आधारलेलें आहे. प्रजेच्या आधीं राजानें चिंता वाहावी आणि प्रजेच्या मागून सुख भोगावें, असा तो विचार. ‘कोराकु’ म्हणजे मागून भोगावयाचें सुख. अर्थात् नांव थोर असलें तरी सर्वसामान्यांस ही बाग खऱ्या अर्थानें खुली झाली ती १८८४ सालीं, ती प्रांतिक सरकारकडे आल्यावर.

पुढें दोन मोठे आघात झाले. १९३४ सालीं महापूर आला. २९ जून १९४५ च्या बाँबवर्षावांत किल्ल्याचा मनोरा आणि बागेंतील एन्योतेई हा मुख्य प्रासाद जळाला. र्‍यूतेन मात्र वांचला. तरीही उद्यान परत उभें राहिलें. जुन्या काळचीं चित्रें व आराखडे जपून ठेविलेले होते; त्यांच्या आधारें एकेक भाग पूर्वस्थितीस आणला. एन्योतेई १९६० सालीं पुनः बांधला गेला. ओकायामांत शिकलेले चिनी साहित्यिक कुओ मो-जो यांनीं १९५६ सालीं दोन क्रौंच पक्षी भेट पाठविले, आणि युद्धांत नाहींसा झालेला क्रौंचांचा स्वर पुनः त्या बागेंत उमटला.

आपणां मराठी मंडळींस याची थोडी चव पुण्यांतच घेतां येते. सिंहगड रस्त्यावरचें पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर रचलेलें आहे. तेथें जाल तेव्हां फोटो काढण्यापूर्वीं एक करून पहा : पाणी कोठून निघतें आणि कोठें जातें, तें त्याच्या बरोबर चालत जाऊन पहा. आणि घरीं परततांना मनाला एक प्रश्नही विचारा. आपल्या गांवची जुनी बाग उद्यां पुरानें वाहून गेली, तर ती होती तशी पुनः उभारण्यापुरतें तरी चित्र आपण कोठें जपून ठेविलें आहे काय?